रुग्णाच्या हातातला उपचार : प्रस्तावना

वर्षाचे तास 8,760. मधुमेहाचा रुग्ण दर तीन महिन्यांनी नेमाने डॉक्टरांकडे गेला आणि प्रत्येक खेपेला पंधरा मिनिटं त्यांच्यासमोर बसला, तर त्यातला एक तास दवाखान्यात जातो. बाकीचे 8,759 तास तो घरी, शेतावर, कचेरीत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत असतो. सकाळची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, दुपारी दरदरून फुटलेला घाम उन्हाचा की साखर उतरल्याचा, पायाला आलेला फोड आजच दाखवायचा की रविवारपर्यंत थांबायचं, असे निर्णय याच तासांत घ्यावे लागतात. ते घ्यायला तिथे दुसरं कोणी नसतं. न्यूमोनिया झाला तर डॉक्टर औषध देतात, रुग्ण ते घेतो आणि बहुतेक वेळा बरा होऊन घरी जातो. मधुमेहात डॉक्टर वाट आखून देतात, चालायचं काम रुग्णाचं आणि त्याच्या घरच्यांचं.

हे पुस्तक त्यामुळे एकाच गोष्टीवर उभं आहे. मधुमेहात रुग्णाला शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे. गोळी किंवा इन्सुलिन ज्या गांभीर्याने लिहून दिलं जातं, त्याच गांभीर्याने हे शिक्षण दिलं आणि घेतलं गेलं पाहिजे. आज बहुतेकांच्या वाट्याला ते येत नाही. निदान झालेल्या दिवशी हातात औषधांची चिठ्ठी पडते, तपासण्यांची यादी पडते आणि कानावर एक वाक्य पडतं : "गोड बंद, भात बंद, रोज चालायला जा." त्या एका वाक्याच्या आधाराने माणसाने पुढची वीस-तीस वर्षं काढायची असतात.

अशी माणसं थोडी नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. इतक्या माणसांना पुरे पडतील एवढे मधुमेहतज्ज्ञ कुठल्याच देशाकडे नसतात. स्वतःचा आजार समजून घेतलेला रुग्ण आणि समजून घेतलेलं घर, ही या लढाईतली सर्वांत मोठी फौज आहे. तिला शिकवायचं आपण अजून नीट मनावर घेतलेलं नाही.

रुग्णशिक्षणाची ही कल्पना नवी नाही. बॉस्टनचे डॉ. एलियट जोस्लिन यांनी डॉक्टर आणि रुग्ण दोघांसाठी मिळून मधुमेहाचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं ते 1918 साली, म्हणजे इन्सुलिनचा शोध लागण्याच्याही आधी. रुग्णाला आहाराचं गणित आलं पाहिजे, लघवीची तपासणी स्वतः करता आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी परिचारिकांना शिक्षिका म्हणून तयार केलं. पुढे 1921 साली टोरोंटोत बँटिंग, बेस्ट, मॅक्लाऊड आणि कॉलिप यांच्या कामातून इन्सुलिन हाती आलं आणि जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांचा मृत्यू ठरलेला असे. इन्सुलिनने त्यांना आयुष्य दिलं आणि त्याच क्षणी एक नवी जबाबदारीही दिली : रोज, स्वतःच्या हाताने, मोजून औषध घेण्याची. शिकवल्याशिवाय ते औषध घरी देताच येत नव्हतं.

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातले डॉ. रॉबिन लॉरेन्स स्वतः मधुमेही होते. मरणाची वाट पाहत ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते. 1923 साली इन्सुलिन मिळाल्याचा निरोप आला तेव्हा ते कसेबसे लंडनला परतले आणि वाचले. दोनच वर्षांनी त्यांनी 'द डायबेटिक लाइफ' हे पुस्तक लिहिलं आणि 1934 साली लेखक एच. जी. वेल्स यांच्यासोबत मधुमेहींची संघटना उभी केली. वेल्सही मधुमेही होते. रुग्णांनी एकमेकांना शिकवायचं आणि आपल्या हक्कांसाठी एकत्र यायचं, ही प्रथा तिथे रुळली.

मोजमापाचं साधन रुग्णाच्या हातात यायला मात्र फार उशीर झाला. कित्येक दशकं घरी करता येण्यासारखी तपासणी लघवीचीच होती : परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे, उकळायचं आणि रंग पाहायचा. निळा राहिला तर बरं. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी अशी पायरी चढत गेली तर साखर वाढलेली. पण रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही आणि साखर खाली घसरली असेल तर लघवी त्याबद्दल काहीच सांगत नाही. 1969 साली अमेरिकेतले एक इंजिनिअर, रिचर्ड बर्नस्टाइन, बाराव्या वर्षापासून मधुमेही, यांनी रुग्णालयांसाठी बनवलेलं रक्तशर्करा मोजायचं यंत्र मिळवलं. ते रुग्णांना विकलं जात नव्हतं. पत्नी डॉक्टर असल्याने तिच्या नावावर ते घेता आलं. दिवसातून अनेकदा मोजून, आहार आणि इन्सुलिन त्या आकड्यांशी जुळवून त्यांनी स्वतःची साखर ताळ्यावर आणली. वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचं म्हणणं छापायला नकार दिला, तेव्हा चाळिशी उलटल्यावर ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर झाले. आज गल्लीतल्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ग्लुकोमीटरमागे एका रुग्णाचा हा हट्टही आहे.

शिकवल्याने फरक पडतो का, हा प्रश्न डॉक्टरांनीही प्रामाणिकपणे विचारला आणि तपासला. लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात डॉ. लिओना मिलर यांनी गरीब वस्तीतल्या रुग्णांना शिकवायला सुरुवात केली आणि शंका आली की केव्हाही फोन करता येईल अशी सोय ठेवली. 1972 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात मधुमेहाने बेशुद्ध होऊन दाखल होणाऱ्या रुग्णांचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशांनी घटल्याची नोंद आहे. पुढे साखर काबूत ठेवल्याने काय साधतं तेही सिद्ध झालं. 1993 साली पहिल्या प्रकारच्या (टाइप 1) मधुमेहाच्या 1,441 रुग्णांवरच्या अमेरिकी-कॅनडियन अभ्यासात काटेकोर नियंत्रणामुळे डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला. 1998 साली ब्रिटनमधल्या 5,102 रुग्णांच्या अभ्यासाने दुसऱ्या प्रकारातही (टाइप 2) साखर आवरली तर डोळे आणि मूत्रपिंडं वाचतात हे दाखवलं.

याच संशोधनाने एक कडू धडाही दिला. 2002 साली सुसान नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले. शिक्षण संपल्याबरोबर रुग्णांचं एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचं चित्र देणारा आकडा, सरासरी 0.76 ने खाली आलेलं दिसलं, पण चार महिन्यांनंतर तो फरक 0.26 वर आला. पूर्ण एका टक्क्याने एचबीएवनसी उतरवायला रुग्णाला सुमारे 23.6 तास द्यावे लागतात, असाही हिशेब त्यांनी काढला. एकदा शिबिर घेतलं, पत्रकं वाटली, फोटो काढले आणि काम झालं, असं होत नाही. शिकवणं पुन्हा पुन्हा करावं लागतं, ओळखीच्या माणसाने करावं लागतं आणि रुग्णाच्या चुकीवर न चिडता करावं लागतं.

आपल्याकडे तर बाहेरच्या पुस्तकांतून सरसकट उचललेली माहिती अपुरी पडते, कारण आपली शरीरंच थोडी वेगळी आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने राखलेली होती, कमी होते ते स्नायू. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचंच उदाहरण मांडलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. "मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?" हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असलं पाहिजे. म्हणूनच आपल्याकडे हा निर्देशांक 23 च्या पुढे गेला किंवा कंबर पुरुषाची 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं.

हे झालं ज्ञानाबद्दल. पण मधुमेहात रुग्ण फसतो तो बहुतेक वेळा हातच्या कामात. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात पाहिलेला एक प्रसंग सांगतो. साठी ओलांडलेल्या एक आजी. साखर एका दिवशी 380, तर दुसऱ्या दिवशी 60. इन्सुलिनचा डोस वाढवून झाला, कमी करून झाला. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "आजी, उद्या येताना घरची बाटली आणि सुया घेऊन या. माझ्यासमोर भरून दाखवा." आजींनी पिशवीतून बाटली काढली, ती 40 ची. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. सिरिंज दोन निघाल्या, एक लाल टोपणाची, एक नारिंगी. नातू बाजारातून जी मिळेल ती आणायचा. आजी दोन्हींवर 20 च्या रेघेपर्यंत भरायच्या. लाल टोपणाची सिरिंज 40 च्या इन्सुलिनसाठी असते, नारिंगी 100 च्या. नारिंगी सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत 40 चं इन्सुलिन भरलं, तर अंगात जातात फक्त 8 युनिट. उलट झालं असतं, 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं असतं, तर अडीचपट डोस गेला असता आणि ते जिवावर बेतलं असतं. मग सिस्टरनी विचारलं, "टोचता कुठं?" आजींनी बेंबीच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. तिथे लिंबाएवढी घट्ट गाठ. "इथं दुखत नाही म्हणून इथंच घेते." वर्षानुवर्षं एकाच जागी टोचल्याने अशी गाठ होते, तिथून इन्सुलिन कधी हळू शोषलं जातं, कधी एकदम. आजींच्या आकड्यांचं सगळं कोडं त्या दहा मिनिटांत सुटलं. लाल टोपणाचीच सिरिंज, रोज बदलती जागा आणि डॉक्टरांनी नव्याने बेतलेला डोस, एवढंच करायचं होतं. तोवर मात्र चिठ्ठीवर डोस बदलत राहिला होता. सुई भरताना आजींना कोणी पाहिलंच नव्हतं.

अशा कितीतरी गोष्टी आहेत. गढूळ दिसणारं मिश्र इन्सुलिन घेण्याआधी बाटली दोन तळहातांत हलकेच फिरवायची, जोरजोरात हलवायची नाही. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळा चढतो आणि घरी फ्रिज नसतो, तेव्हा मातीच्या मडक्यात, ओल्या फडक्याने गुंडाळून, सावलीत ठेवलेलं इन्सुलिन बरंच सुरक्षित राहतं. मात्र बाटलीला पाणी लागता कामा नये. या बारीकसारीक गोष्टी ठाऊक नसतील, तर महागडं औषधही फुकट जातं.

मोजण्याचंही असंच. अनेकांची वही म्हणजे महिन्याला एक उपाशीपोटीचा आकडा. समजा, एका गृहस्थांच्या वहीत 118, 124, 121 असे आकडे आहेत आणि तीन महिन्यांचं एचबीएवनसी आलं 8.6. ते म्हणतात, लॅबचं चुकलं. चूक लॅबची नाही. त्यांनी साखर मोजली ती दिवसभरातल्या सर्वांत शांत वेळी. नाश्त्याआधी आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी अशी जोडीने मोजली, तर पहिला आकडा 122 आणि दुसरा 262 निघतो. आता त्यांना विचारता येतं : ताटात काय होतं? मोठी वाटी भरून पोहे आणि दोन चमचे साखरेचा चहा. चार दिवसांनी तोच प्रयोग पुन्हा : अर्धी वाटी पोहे, सोबत मटकीची उसळ, बिनसाखरेचा चहा, नंतर वीस मिनिटांचं चालणं. आकडा 190 च्या आसपास येतो. या दोन आकड्यांतून त्यांना जे कळतं, ते शंभर उपदेशांतून कळत नाही. साखर मोजायच्या पट्ट्या महाग पडतात. तेव्हा रोज एकाच वेळी मोजून त्या वाया घालवण्यापेक्षा आठवड्यात दोन-तीनदा, वेगवेगळ्या जेवणांच्या आधी आणि नंतर, जोडीने मोजावं. आंबा चिरलेल्या हाताने मोजलं तर बोटावरची साखरच यंत्र मोजतं, म्हणून आधी साबणाने हात धुवावेत. यंत्रात पंधरा टक्क्यांपर्यंत फरक धरायचा असतो, तेव्हा 148 आणि 156 यांत घाबरण्यासारखं काही नाही.

एचबीएवनसीबद्दलही दोन गोष्टी. ते साधारण तीन महिन्यांचं सरासरी चित्र देतं. तपासणीच्या आधी दोन दिवस उपाशी राहून किंवा कारल्याचा रस पिऊन ते बदलत नाही. दुसरी गोष्ट आपल्याकडच्या बायकांसाठी फार महत्त्वाची आहे. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा वाढलेला दिसू शकतो. म्हणून तो वाचताना हिमोग्लोबिनही पाहायला हवं.

साखर वाढण्याची भीती सगळ्यांना असते, उतरण्याची थोड्यांनाच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि जेवण चुकलं, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, मग बोलण्यात गोंधळ. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. सत्तरीच्या वर आली नाही तर पुन्हा तेवढीच घ्यायची आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायचं. पेढा, चॉकलेट यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते, म्हणून ते पहिला उपाय नव्हेत. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्याने तर साध्या साखरेवर विसंबू नये, कारण ही औषधं तिचं पचनच मंदावतात. त्याच्या खिशात ग्लुकोजची पूड हवी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. हे घरातल्या सर्वांना पाठ असलं पाहिजे, कारण त्या क्षणी रुग्णाला स्वतःला सुचेलच असं नाही.

आहाराच्या प्रकरणात आम्ही बंदीची भाषा जाणीवपूर्वक टाळली आहे. घरी शिजणाऱ्या जेवणाचंच प्रमाण बदलायचं आहे : ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि कोशिंबीर, पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात, पाव भाग डाळ, उसळ, अंडी, मासे किंवा तत्सम. गूळ आणि मध साखरेइतकेच साखर वाढवतात. भाकरी चांगली, पण तीही मोजून. एकादशीला 'काही खाल्लं नाही' म्हणणाऱ्याने साबुदाण्याची खिचडी, रताळं आणि बटाट्याचा कीस खाल्लेला असतो. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे, तेव्हा उपासाच्या दिवशी साखर उलट चढते. कडक उपास करणाऱ्याची ती गोळीमुळे धोकादायक रीतीने उतरू शकते. आषाढी वारीला आळंदीहून पंढरपूरला सुमारे 250 किलोमीटर चालणारा वारकरी, रमजानचे रोजे धरणारा मुसलमान, दोनदाच जेवायचं ठरवणारा नोकरदार, यांतल्या कोणालाही 'करू नका' म्हणून भागत नाही. त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून औषधाची वेळ आणि मात्रा बदलून घ्यायची असते. श्रद्धा आणि उपचार यांत निवड करायला लावली की लोक औषध लपूनछपून सोडतात.

पायांबद्दल आम्ही सविस्तर लिहिलं आहे, कारण तिथलं नुकसान सर्वांत जास्त टाळता येण्यासारखं आहे. संवेदना गेलेल्या पायाला तापलेल्या फरशीवरची अनवाणी प्रदक्षिणा भाजते आणि कळत नाही. गरम पाण्यात पाय शेकताना फोड येतात. ब्लेडने कापलेलं कुरूप चिघळतं. शेतघरात झोपलेल्या माणसाची बोटं रात्री उंदीर कुरतडतो आणि ते सकाळी रक्त पाहून कळतं. रोज रात्री पाय धुवून, बोटांच्या बेचक्यांतून कोरडे करून, तळवे आरशात किंवा घरच्यांकडून पाहून घ्यायचे. एमसीआर रबराची मऊ तळाची चप्पल घरातही वापरायची. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन तपासायचं. दिसतंय चांगलं म्हणून डोळे चांगले आहेत असं धरू नये, कारण पडद्यावरचा विकार पुष्कळ पुढे जाईपर्यंत नजर शाबूत राहते.

या सगळ्या शिक्षणात एक माणूस नेहमी बाहेर राहतो : स्वयंपाक करणारी बाई. नवऱ्याला मधुमेह असेल तर पथ्याचा सगळा भार तिच्यावर येतो आणि दवाखान्यात मात्र तिला कोणी आत बोलावत नाही. ती स्वतः मधुमेही असेल तर अवस्था आणखी बिकट. सगळ्यांचं आटोपल्यावर उरलेलं गार जेवण, चालायला जायला वेळ नाही, पट्ट्या घ्यायला पैसे मागायची चोरी. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलींचं दुःख त्याहून मोठं आहे. लग्न जमेना म्हणून आजार लपवला जातो, सासरी इन्सुलिन चोरून घ्यावं लागतं आणि एक दिवस ते बंद होतं. पहिल्या प्रकारात इन्सुलिन बंद करणं म्हणजे काही दिवसांत मृत्यूला सामोरं जाणं. या मुलींसाठी ज्ञान फक्त त्यांच्यापुरतं असून चालत नाही. ते शाळेत, सासरी, शेजारी पोहोचलं पाहिजे.

मोबाइलवर रोज फिरणाऱ्या 'मुळासकट बरा' अशा दाव्यांनाही ज्ञान हेच उत्तर आहे. ब्रिटनमध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दुसऱ्या प्रकारच्या, सहा वर्षांपेक्षा कमी काळ मधुमेह असलेल्या आणि इन्सुलिनवर नसलेल्या रुग्णांनी देखरेखीखाली भरपूर वजन उतरवलं, तेव्हा जवळपास निम्म्यांची साखर वर्षाअखेर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ही खरी आणि आनंदाची गोष्ट आहे. पण ती काही रुग्णांबाबत, वजन उतरल्यामुळे आणि ते उतरलेलं राहीपर्यंत खरी आहे. कुठल्या पुडीने किंवा काढ्याने ती घडत नाही आणि पहिल्या प्रकाराला ती लागूच नाही. हा भेद समजलेला माणूस फसत नाही आणि निराशही होत नाही.

पुस्तकाची मांडणी रुग्णाच्या दिवसाला धरून केली आहे. सुरुवातीला शरीरात काय बिघडतं ते, मग मोजमाप आणि वही, मग ताट, मग गोळ्या आणि इन्सुलिन, मग आजारपण, प्रवास, सणवार यांसारखे अडचणीचे दिवस, नंतर पाय, डोळे, मूत्रपिंड आणि हृदय, शेवटी घर आणि मन. पहिल्यापासून वाचायलाच हवं असं नाही. ज्याची आज सुई सुरू झाली आहे त्याने ते प्रकरण आधी उघडावं. वाचता न येणाऱ्यांना घरच्यांनी, आशाताईंनी, शाळेतल्या मुलांनी वाचून दाखवावं, म्हणून वाक्यं बोलल्यासारखी ठेवली आहेत. एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी. औषध सुरू करणं, थांबवणं, मोठा बदल करणं हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हायचं. हे पुस्तक वाचून रुग्णाने नेमके प्रश्न विचारावेत आणि नेमकी माहिती द्यावी, एवढी आमची अपेक्षा आहे.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती आहे. गर्दी किती असते ते मला माहीत आहे. तरीही दर खेपेला एकच गोष्ट शिकवता येते : आज सुई भरून पाहा, पुढच्या वेळी पाय पाहा, त्यापुढच्या वेळी वही उघडा. रुग्णाने साखर वाढल्याचं खरं सांगितलं तर त्याला रागावू नका. रागावलेल्या डॉक्टरांपुढे माणूस पुढच्या वेळी खोटे आकडे घेऊन येतो आणि खोट्या आकड्यांवर केलेला उपचार घातक असतो. शासकीय आरोग्यसेवेत तिशीपुढच्या लोकांची तपासणी आता गावपातळीवर होते, हे चांगलं पाऊल आहे. निदानानंतर शिकवायला माणूस आणि वेळ मिळणं हे त्याचं पुढचं पाऊल असलं पाहिजे. त्या तासांसाठी पगार, जागा आणि प्रशिक्षण ठरवून द्यावं लागेल. औषधांच्या खरेदीला जसा निधी असतो, तसाच या शिकवण्यालाही हवा.

आणि तुम्ही, ज्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना वही न्या, इन्सुलिन घेत असाल तर बाटली आणि सुई न्या, घरी स्वयंपाक करणाऱ्या माणसाला सोबत न्या. आत गेल्यावर चपला काढून पाय दाखवा. निघण्याआधी विचारा : माझी साखर किती असायला हवी, ही गोळी काय करते, जेवण चुकलं तर काय करू, ताप-उलटी झाली तर कोणतं औषध थांबवायचं आणि कोणतं नाही, अडलं तर कोणाला फोन करू. ही उत्तरं मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. तो तुमचा हक्क आहे, आणि उपचाराचा जो भाग तुमच्या हातात आहे त्याची सुरुवात तिथूनच होते.